‘नव्वद टक्के अचूक’ चाचणी: पण कोणासाठी?

‘ही चाचणी ९० टक्के अचूक आहे’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. लॅबच्या जाहिरातीत असतं, व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डमध्ये असतं, बातमीच्या मथळ्यात तर हमखास असतं. पण त्यातून दोन गोष्टी कळत नाहीत. अचूक कशात? आजार असलेल्यांना पकडण्यात, की नसलेल्यांना मोकळं सोडण्यात? आणि हे ९० टक्के मोजले ते कोणत्या लोकांवर?

निदान चाचण्यांवर झालेले सगळे अभ्यास शोधायचे, त्यांची झडती घ्यायची आणि त्यांतून एकत्रित उत्तर काढायचं, असं एक स्वतंत्र शास्त्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभं राहिलं आहे. मी राहते त्या ग्लासगोमध्ये यावर बरंच काम झालेलं आहे, विशेषतः स्मृतिभ्रंशाच्या म्हणजे डिमेन्शियाच्या चाचण्यांबाबत. त्यातलंच एक उदाहरण घेऊन हे शास्त्र कसं चालतं ते आज पाहूया. हे उदाहरण निवडण्यामागे एक कारण आहे. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील भारतात एकटे राहतात आणि ‘हल्ली बाबा फार विसरतात’ हे वाक्य कानावर पडलं की पुढे काय करायचं ते सुचत नाही.

सुनेला विचारा

स्मृतिभ्रंशाच्या बहुतेक चाचण्या वृद्ध व्यक्तीची परीक्षा घेतात. आज वार कोणता, हे तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करा, मग पुन्हा सात. आता दुसरीत शाळा सुटलेल्या आजीला हे विचारलं तर काय होईल? ती आयुष्यभर भिशीचे हिशेब तोंडी ठेवत आली असेल, पण या परीक्षेत नापास होऊ शकते. उलट निवृत्त मुख्याध्यापक आजाराची सुरुवात झाली असतानाही सफाईदार उत्तरं देऊन पास होतात.

ऑस्ट्रेलियातले संशोधक अँथनी जॉर्म यांनी १९८९ मध्ये वेगळी वाट धरली. प्रश्न रुग्णाला न विचारता त्याला जवळून ओळखणाऱ्या माणसाला विचारायचे. या प्रश्नावलीला ‘आयक्यूकोड’ म्हणतात. मूळ प्रश्नावलीत २६ प्रश्न होते, पुढे १९९४ मध्ये १६ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. वस्तू कुठे ठेवतात ते लक्षात राहतं का, काही दिवसांपूर्वीचं बोलणं आठवतं का, नवीन यंत्र वापरायला शिकता येतं का, पैशांचे व्यवहार सांभाळता येतात का, अशा धर्तीचे हे प्रश्न आहेत. प्रत्येक बाबतीत आजची स्थिती दहा वर्षांपूर्वीच्या स्थितीशी ताडून पाहायची. खूप सुधारणा असेल तर १ गुण, फारसा बदल नसेल तर ३, खूप घसरण असेल तर ५. शेवटी सगळ्या गुणांची सरासरी काढायची.

यात शिक्षणाचा अडसर बराचसा दूर होतो, कारण माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. अर्थात प्रश्न कोणाला विचारतो यालाही महत्त्व आहे. घरात राहणारी सून आणि वर्षातून तीन आठवडे सुट्टीवर येणारा मुलगा एकच चित्र सांगणार नाहीत. शिवाय सांगणारी व्यक्ती स्वतः चिंतेने किंवा नैराश्याने ग्रासलेली असेल, किंवा दोघांचं आपसात पटत नसेल, तर गुणांवर त्याचा परिणाम होतो.

तर प्रश्न असा की ही चाचणी कितपत चांगली आहे?

दोन आकडे, एक नाही

उत्तर द्यायचं तर आधी दोन संकल्पना हव्यात. ज्यांना खरोखर आजार आहे अशा १०० जणांपैकी किती जणांना चाचणी पकडते, ही तिची संवेदनशीलता. ज्यांना आजार नाही अशा १०० जणांपैकी किती जणांना ती ‘आजार नाही’ असं बरोबर सांगते, ही तिची विशिष्टता.

हे दोन आकडे तराजूच्या दोन पारड्यांसारखे आहेत. अकरावीच्या प्रवेशासाठी कट-ऑफ असतो, तसा इथेही असतो. सरासरी गुण किती झाले की ‘स्मृतिभ्रंशाची शक्यता आहे’ म्हणायचं? कट-ऑफ खाली आणला तर जास्त रुग्ण सापडतील, पण धडधाकट माणसंही जाळ्यात येतील. वर नेला तर निरोगी माणसं सुटतील, पण काही रुग्णही निसटतील.

जपानी वंशाच्या अमेरिकन वृद्धांवर झालेल्या एका अभ्यासात हे स्वच्छ दिसतं. त्यात २३० जण होते आणि त्यांपैकी १६ जणांना स्मृतिभ्रंश होता. कट-ऑफ ३.२ धरला तेव्हा संवेदनशीलता १०० टक्के आणि विशिष्टता ७६ टक्के आली. तोच ३.७ वर नेला तेव्हा संवेदनशीलता ७५ टक्के झाली आणि विशिष्टता ९८ टक्के. माणसं तीच, प्रश्न तेच. म्हणून कट-ऑफ न सांगता ‘अचूकता’ सांगण्याला फारसा अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट इथे दिसते. रुग्ण फक्त १६ असल्यामुळे त्यांतला एकही इकडचा तिकडे झाला तरी संवेदनशीलता सहा टक्क्यांनी हलते. एकेका अभ्यासावर विसंबून निर्णय घेता येत नाही, तो यामुळेच.

आढावा कसा घेतात?

म्हणून पद्धतशीर आढावा, म्हणजेच सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. औषधांच्या बाबतीत ही पद्धत कॉक्रन या संस्थेने जगभर रुजवली. संस्थेचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते आर्ची कॉक्रन १९०९ मध्ये स्कॉटलंडमधल्याच गॅलाशील्स गावी जन्मले. निदान चाचण्यांचे आढावे मात्र कॉक्रनने २००८ पासून प्रसिद्ध करायला सुरुवात केली. औषधांसाठी तयार झालेली पद्धत चाचण्यांना जशीच्या तशी लागू पडत नव्हती, बरीच नवी सामग्री घडवावी लागली.

ग्लासगो विद्यापीठातले टेरी क्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयक्यूकोडवर कॉक्रनसाठी आढाव्यांची मालिकाच केली. त्यांच्या कामातून पायऱ्या समजून घेऊ.

पहिली पायरी शोधाची. औषधाच्या अभ्यासांना डेटाबेसमध्ये ठरावीक खुणा असतात, त्यामुळे ते गाळून काढता येतात. चाचणीच्या अभ्यासांसाठी अशी भरवशाची चाळणी नाही. चाळणी बारीक केली तर हवे तेच अभ्यास निसटतात, म्हणून जाळं मोठं टाकावं लागतं. या आढाव्यासाठी १६,००० हून जास्त नोंदी तपासाव्या लागल्या. समाजात राहणाऱ्या वृद्धांबद्दलच्या आढाव्यात त्यांतले शेवटी दहा निबंध उरले. नोंदींची छाननी दोन माणसं स्वतंत्रपणे करतात आणि मग निकाल ताडून पाहतात. एकट्याचा डोळा चुकतो, आणि कधी कधी मनाला हवं तेच पाहतो.

दुसरी पायरी दर्जा तपासण्याची. यासाठी ‘क्वाडास-२’ नावाची प्रश्नसूची २०११ पासून वापरात आहे. तिचे चार विभाग आहेत. माणसं कशी निवडली? चाचणी कशी घेतली? खरं निदान कशाच्या आधारावर ठरवलं? आणि सगळ्यांची दोन्ही तपासण्या वेळेत झाल्या का, की काही मधेच गळाले?

यांतला पहिला प्रश्न सर्वात जास्त आकडे फुगवतो. समजा एका बाजूला बळावलेल्या स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घेतले आणि दुसऱ्या बाजूला रोज टेकडी चढणारे ठणठणीत ज्येष्ठ नागरिक. त्यांच्यातला फरक कोणतीही चाचणी ओळखेल, किंबहुना बसमधला कंडक्टरही ओळखेल. खऱ्या दवाखान्यात समोर येतो तो मधला माणूस. थोडं विसरतो, थोडा उदास आहे, कानाने कमी ऐकतो. चाचणीचा कस तिथे लागतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की टोकाचे रुग्ण आणि टोकाचे निरोगी निवडणाऱ्या अभ्यासांत चाचणीची कामगिरी आहे त्यापेक्षा खूपच चांगली दिसते.

तिसरा प्रश्न स्मृतिभ्रंशात फार अवघड आहे. मलेरियाचा परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. स्मृतिभ्रंशाचं निदान मात्र तज्ज्ञ डॉक्टर ठरलेल्या निकषांवर करतात. त्या डॉक्टरांनी निदान करताना आयक्यूकोडचे गुण आधीच पाहिले असतील तर? मग चाचणी स्वतःच स्वतःची परीक्षक होते, आणि ती पास होणारच. म्हणून गुण आणि निदान एकमेकांपासून झाकून ठेवले होते का, हे प्रत्येक निबंधात शोधावं लागतं. पुष्कळदा ते लिहिलेलंच नसतं. स्मृतिभ्रंशाच्या चाचण्यांचे निबंध लिहिताना काय काय नमूद करायचं, याची खास नियमावली २०१४ मध्ये आली, ती या अनुभवांतून.

सरासरी का काढत नाहीत?

तिसरी पायरी गणिताची. वाटतं की दहा अभ्यासांच्या संवेदनशीलतांची सरासरी काढावी, मग विशिष्टतांची, संपलं. पण आताच पाहिलं की एक वर गेला की दुसरा खाली येतो. एका अभ्यासाने कट-ऑफ ३.३ धरला असेल, दुसऱ्याने ३.६. दोन्ही आकड्यांची वेगवेगळी सरासरी काढली तर त्यांच्यातलं हे नातं तुटतं, आणि हाती येणारी जोडी कदाचित कुठल्याच खऱ्या कट-ऑफला लागू नसते.

आलेखाच्या कागदावर उभ्या अक्षावर संवेदनशीलता आणि आडव्या अक्षावर विशिष्टता घ्या. प्रत्येक अभ्यास म्हणजे एक ठिपका. मोठ्या अभ्यासाचा ठिपका जाड, लहान अभ्यासाचा बारीक. हे ठिपके बहुधा एका वळणदार रेषेच्या आसपास पसरलेले दिसतात. २००१ आणि २००५ साली मांडल्या गेलेल्या दोन संख्याशास्त्रीय पद्धती हे ठिपके जोडीनेच हाताळतात. अभ्यास लहान असल्यामुळे येणारा फरक किती आणि अभ्यासाअभ्यासांतला खरा फरक किती, हे त्या वेगळं करतात. उत्तर म्हणून एक बिंदू मिळतो आणि त्याभोवती अनिश्चिततेचं एक लंबवर्तुळ. लंबवर्तुळ मोठं असेल तर आपल्याला अजून नीट माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे गणित पूर्वी संख्याशास्त्रज्ञ सोबत असल्याशिवाय होत नसे. लेस्टर आणि ग्लासगोच्या संशोधकांनी मिळून २०१९ मध्ये ‘मेटाडीटीए’ नावाचं मोफत साधन प्रसिद्ध केलं. ते ब्राउझरमध्ये चालतं, आकडे भरले की आलेख तयार. नाशिक किंवा कोल्हापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थीही ते वापरू शकतो.

चाचणी एक, उत्तरं दोन

आता निकाल. दोन्हीकडे कट-ऑफ ३.३, किंवा त्याच्या सर्वात जवळचा.

समाजात राहणाऱ्या वृद्धांमध्ये (२,६४४ माणसं) संवेदनशीलता ८० टक्के आणि विशिष्टता ८४ टक्के. रुग्णालयात किंवा तज्ज्ञांच्या दवाखान्यात आलेल्यांमध्ये (१३ निबंध, २,७४५ माणसं) संवेदनशीलता ९१ टक्के, पण विशिष्टता फक्त ६६ टक्के. आणि तिचीही खरी किंमत ५६ ते ७५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते.

असं का व्हावं? रुग्णालयात आलेल्या ज्या माणसाला स्मृतिभ्रंश ‘नाही’, तोही काही ठणठणीत नसतो. त्याला नैराश्य असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, तापात किंवा शस्त्रक्रियेनंतर तात्पुरता भ्रम झाला असेल. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत तो घसरलेला आहेच, आणि घरची माणसं ते खरंच सांगतात. चाचणी मग त्याला चुकीने पकडते. उलट तिथल्या रुग्णांचा आजार बऱ्याचदा पुढे गेलेला असतो, म्हणून पकडणं सोपं जातं.

इथवर वाचून वाटेल की रुग्णालयात ही चाचणी कमी कामाची. थांबा, एक हिशेब करू.

भारतात ६० वर्षांवरच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज एका देशव्यापी पाहणीतून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. समजा, पुण्यातल्या सोसायट्यांमधून १,००० ज्येष्ठांची सरसकट चाचणी केली आणि प्रमाण तेच निघालं. आजार असलेले ७४ जण. त्यांतले ५९ पकडले जातील, १५ निसटतील. आजार नसलेले ९२६. त्यांतल्या ७७८ जणांना चाचणी मोकळं सोडेल, पण १४८ जणांवर विनाकारण शिक्का बसेल. म्हणजे चाचणीत सापडलेल्या २०७ जणांपैकी खरे रुग्ण फक्त ५९. चारांतला जेमतेम एकच, थोडं वर.

आता तज्ज्ञांच्या दवाखान्यात आलेले १,००० जण घ्या. आढाव्यातल्या अभ्यासांत ५१ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश होता. म्हणजे ५१० रुग्ण. त्यांतले ४६४ सापडतील, ४६ निसटतील. उरलेल्या ४९० पैकी १६७ जण चुकीने पकडले जातील. सापडलेल्या ६३१ जणांपैकी ४६४ खरे. चारांतले तीन, जवळजवळ.

विशिष्टता कमी असूनही दवाखान्यात ‘आहे’ हे उत्तर जास्त विश्वासाचं ठरलं, कारण तिथे मुळात रुग्णच जास्त होते. पण ‘नाही’ या उत्तराचं उलट होतं. सोसायटीत ‘नाही’ म्हटलेल्या १०० पैकी ९८ जणांना खरंच आजार नसतो, दवाखान्यात सुमारे ८८ जणांना. हे गणित चाचणीच्या पाकिटावर छापलेलं नसतं, कारण पाकिटाला ठाऊक नसतं की ते कुठे उघडलं जाणार आहे. सरसकट शिबिरं भरवून ज्येष्ठांची स्मृतिभ्रंश तपासणी करण्याची कल्पना चांगल्या हेतूची असते. पण त्या १४८ माणसांचं काय? त्यांच्या घरात पासबुक काढून घेतलं जाईल, गाडीची किल्ली लपवली जाईल, आणि ‘बाबांना तसं झालंय’ ही बातमी नातेवाइकांत पसरेल. पुढची नीट तपासणी करण्याची सोय नसेल तर हे नुकसान भरून येत नाही.

आढाव्याने बाजारातून चाचण्या हटवल्या तेव्हा

अशा आढाव्यांचा प्रत्यक्षात काही उपयोग होतो का? आजार वेगळा आहे, पण याचं सगळ्यात ठळक उत्तर भारतात मिळतं.

२०१० च्या आसपास भारतात क्षयरोगासाठी रक्तातली प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचण्या खासगी लॅबमध्ये सर्रास होत. वर्षाला सुमारे १५ लाख चाचण्या होत असल्याचा अंदाज होता आणि पैसे रुग्णाच्या खिशातून जात. थुंकीची तपासणी स्वस्त होती, पण रक्ताचा रिपोर्ट जास्त ‘आधुनिक’ वाटे. यांतले अनेक संच युरोप-अमेरिकेत बनत, पण तिथे त्यांना मान्यता नव्हती. ते विकले जात आपल्यासारख्या देशांत.

२०११ मध्ये या चाचण्यांचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला. फुप्फुसांच्या क्षयावरचे ६७ अभ्यास त्यात होते. संवेदनशीलता काही अभ्यासांत शून्य तर काहींत १०० टक्के, विशिष्टता ३१ पासून १०० टक्क्यांपर्यंत. बहुतेक अभ्यासांचा दर्जा कमकुवत. एखाद्या विक्रेत्याने यांतला एकच चांगला निबंध डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला असता तर चाचणी उत्तमच वाटली असती. सगळे निबंध एकत्र पाहिल्यावर चित्र उलटलं. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, उत्पादन आणि विक्री यांवर बंदी घातली. चुकीच्या ‘आहे’मुळे निरोगी माणसाने महिनोन्‌महिने क्षयाची औषधं घ्यायची आणि चुकीच्या ‘नाही’मुळे खऱ्या रुग्णाने घरभर जंतू पसरवायचे, हे त्या चाचण्यांच्या बाबतीत तरी थांबवता आलं.

मग आपण काय विचारायचं?

स्मृतिभ्रंशाच्या चाचण्यांमध्ये अजून बरंच काम शिल्लक आहे. एकाच वेळी अनेक कट-ऑफ कसे हाताळायचे, दोन चाचण्यांची न्याय्य तुलना कशी करायची, खरं निदानच शंभर टक्के पक्कं नसेल तर काय करायचं, यांवर पद्धती घडताहेत. आपल्या दृष्टीने मोठा मुद्दा असा की कुठलीही प्रश्नावली मराठीत आणणं हा कामाचा एक भाग झाला. ती सोलापूरच्या, रत्नागिरीच्या, गडचिरोलीच्या वृद्धांवर, त्यांच्या घरच्यांना विचारून, नीट पारखावी लागते. ग्लासगोचं लंबवर्तुळ तिकडे उचलून नेता येत नाही.

तोवर कोणत्याही चाचणीबद्दल चार प्रश्न विचारता येतात. आजार असलेल्या शंभरांत किती सापडतात आणि नसलेल्या शंभरांत किती सुटतात? कट-ऑफ कोणता धरला? हे आकडे माझ्यासारख्या माणसांवर मोजले का? आणि ‘आहे’ असं उत्तर आलं तर पुढची पायरी काय?

घरात कोणाच्या विस्मरणाची काळजी वाटत असेल तर इंटरनेटवरून प्रश्नावली उतरवून, व्हिडिओ कॉलवर गुण मोजून निष्कर्ष काढू नका. काय बदललं, कधीपासून बदललं, हे रोज सोबत असणाऱ्या माणसाकडून विचारून लिहून काढा आणि तो कागद डॉक्टरांकडे न्या. थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, कमी ऐकू येणं, चालू असलेल्या औषधांचे परिणाम, हे सगळं स्मृतिभ्रंशासारखं दिसू शकतं आणि यांतल्या बहुतेकांवर उपाय आहेत. ते आधी तपासून घ्या.